रुख्माच्या दारातली गाढवीण

रुख्मा नेवारेच्या घराला लागून मातामायचं ठाणं आहे. कडुनिंबाच्या बुडाशी शेंदूर माखलेले दगड आणि पुढे निळा रंग दिलेला सिमेंटचा ओटा. मध्ये ना भिंत, ना कुंपण. ओटा संपतो तिथे रुख्माचं अंगण सुरू होतं, पण तो नेमका कुठे संपतो हे रुख्माशिवाय गावात कोणाला दिसत नाही.

ती लग्न होऊन देवरी तालुक्यातल्या या गावात आली तेव्हा तिच्या बापाला फार बरं वाटलं होतं. पोरीच्या दारातच देव आहे, आता काळजी नाही, असं तो चार जणांना सांगत सुटला होता. दारात देव असणं म्हणजे काय हे रुख्माला पहिल्याच मंगळवारी कळलं. येणारा प्रत्येक जण काही ना काही घरी विसरून यायचा. कोणाला काडेपेटी हवी, कोणाला तांब्याभर पाणी, कोणाला नारळ फोडायला दगड. जाताना मात्र लोक भरपूर ठेवून जायचे. सडलेले हार, करवंट्या, काच फुटलेल्या तसबिरी, नवसाला सोडलेले कोंबडे. ते कोंबडे मग तिच्याच कणगीभोवती फिरायचे आणि त्यांना हाकललं की कोणीतरी म्हणायचं, "देवाचा आहे वं तो, खाऊ दे दोन दाने."

ठाण्याचा पुजारी फागूबाबा. जातीने गोंड, गावदेवाच्या पूजेचा मान असलेला जुना भुमक. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, मंगळवारी आणि पुनवेला यायचा, पूजा करून जायचा. देवस्थान कमिटी होती, तिचे अध्यक्ष लीलाधर पटले. रुख्मा पुजारी नव्हती, कमिटीतही नव्हती. ती फक्त शेजारी होती. पण सकाळी खराटा तिच्याच हातात असायचा, कारण नाही झाडलं तर वारा सगळा कचरा तिच्याच दारात आणून टाकायचा.

नवरा टिकाराम हमरस्त्यावरच्या एका ढाब्यावर स्वयंपाकी होता. आठवड्याला एकदा घरी यायचा. स्वभावाने अगदी मऊ माणूस, कोणालाही नाही म्हणता न येणारा. त्याच्या वाटचं प्रत्येक 'नाही' त्यामुळे रुख्मालाच म्हणावं लागायचं, आणि म्हणून गावात टिकाराम भला ठरला अन् रुख्मा तोंडाळ.

त्या वर्षी चैत्रात गावात कांजण्यांची साथ आली. घरोघरी दाराला निंबाचे डहाळे लागले. ओट्यावर गर्दी वाढली, तसं रुख्माचं झाडणं वाढलं. लीलाधरचा नातू, त्याच्या सुनेचा, टीनाचा, एकुलता एक पोरगा, तोही तापाने फणफणला. टीना रोज सकाळी थंड पाणी घेऊन यायची, दगडांवर ओतायची आणि डोळे पुसत परत जायची. रुख्माला तिची दया यायची. तिच्यासाठी ती ओटा आधीच धुऊन ठेवायची.

याच दिवसांत एक गाढवीण कुठून तरी आली. राखाडी रंगाची, पाठीवरचे केस ओझ्याने झिजलेले, मागचा एक खूर चिरलेला. रुख्माने तिला पहिल्यांदा पाहिलं ते उकिरड्यावर, जुन्या पत्रावळी चघळताना. विटांच्या भट्टीवर माती वाहणारी असणार, लंगडी झाली म्हणून सोडून दिली असणार, हे तिला बघताक्षणी कळलं. तिने दोनदा हाकललं. गाढवीण दहा पावलं गेली आणि सावलीसाठी निंबाखाली येऊन उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी लीलाधरच्या नातवाचा ताप उतरला. आनंदाने टीना आणि लीलाधर दोघं नारळ घेऊन आले आणि बघतात तर दगडांसमोर मान खाली घालून गाढवीण उभी.

लीलाधरचे हात आपोआप जोडले गेले. "टीना, पाह्यलं? शीतला मातेचं वाहन गाढव असते. मायनं आपलं वाहन धाडलं."

"भाऊजी," अंगण झाडता झाडता रुख्मा म्हणाली, "हे भट्टीवरचं जनावर आहे. परवापासून माह्या उकिरड्यावर चरून राहिलं."

"परवापासून?" लीलाधरचे डोळे आणखी मोठे झाले. "परवाच त माह्या घरवालीनं नवस केला!"

झालं. लीलाधरने गाढविणीच्या कपाळाला हळद लावली, टीनाने मोबाइलवर फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या गावाच्या फोनवर होता, आणि दुसऱ्या दिवशी सडक अर्जुनीहून एक गाडीभर माणसं दर्शनाला आली. गाडी त्यांनी रुख्माच्या अंगणात लावली.

मोहाचे दिवस होते. रुख्मा उजाडायच्या आत टोपलं घेऊन रानात जायची, झाडाखाली पडलेली फुलं वाकून वाकून वेचायची आणि घरी येऊन अंगणात वाळत घालायची. ते वेचणं तिचं स्वतःचं होतं. धानात नवऱ्याचा वाटा, भावकीचा वाटा, पण मोहाच्या फुलांना कोणी हात लावत नसे. एके दुपारी ती जेवून बाहेर आली तर गाढवीण फुलांच्या मधोमध उभी राहून निवांत खात होती. अर्ध्याहून अधिक अंगण रिकामं झालं होतं.

रुख्माने काठी उचलली. एकच फटका बसला असेल, तेवढ्यात ओट्यावरच्या बायांनी गलका केला.

"अवं, का करतं! मायच्या वाहनाले मारतं?"

"पोराबाळाची आहेस ना तू?"

"मंग तुमी घेऊन जा न तिले!" रुख्मा ओरडली. "तुमच्या आंगनात बांधा! तुमचं मोहफूल चारा!"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. एक जण हलकेच म्हणाली, "मायनं जागा निवडली, बाई. आपुन कोन नेनारे?"

रुख्माच्या हातातली काठी तशीच राहिली. भांडायला समोर माणूस असावा लागतो. इथे जो तो मातामायच्या मागे जाऊन उभा राहत होता, आणि मातामायवर काठी उगारता येत नव्हती. तिचीही श्रद्धा होती. तिच्या दोन्ही लेकरांच्या वेळी तिनेही याच दगडांवर पाणी ओतलं होतं. म्हणून तर राग जास्त यायचा.

लोक येताना बुंदी आणत, पुरणपोळी आणत, गूळखोबरं आणत. गवताची पेंढी कोणी आणली नाही. गोडाधोडाने एक दिवस गाढविणीचं पोट फुगलं. ती जमिनीवर लोळायची, उठायची, पुन्हा लोळायची. दर्शनाला आलेल्यांनी ते पाहिलं आणि माय अंगात आली म्हणून हात जोडले. रुख्माने कासरा धरला आणि भर उन्हात तिला बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवरून फिरवत राहिली, पोट मोकळं होईपर्यंत. परत आली तेव्हा तिचा स्वयंपाक व्हायचा होता आणि ओट्यावर एक ओळखपाळख नसलेली बाई विचारत होती, "वाहनाले घेऊन कुठं गेल्ते जी? आमी कवाचे थांबून आहोत."

खुराची जखम तर चिघळलीच होती. लोक त्या पायांना हात लावून तो कपाळाला लावत, पण चिरलेला खूर मात्र चुकवून. रुख्माला वास आला तेव्हा तिने पाय उचलून पाहिलं. आत किडे पडले होते. तिने सीताफळाचा पाला वाटला, नाकाला पदर बांधला, गाढविणीला निंबाला आवळून बांधली आणि जखमेत पाला भरला. गाढविणीने तिला दोन लाथा मारल्या. मांडीवर काळानिळा डाग उठला.

त्या आठवड्यात टिकाराम घरी आला तेव्हा तिने तो डाग दाखवला.

"मायचा परसाद आहे," तो हसत म्हणाला.

"हसू नका. मी रडकुंडीले आली. तुमी लीलाधरभाऊले सांगा का हे आमच्या दारातून न्या म्हून."

टिकारामने चहाचा कप दोन्ही हातांत धरला.  "कसं सांगू रुख्मे? एवढं गाव मानून राहिलं. आपल्याच घराले मायनं निवडलं, हे कमी आहे का?"

"आपल्या घराले नाही. मले निवडलं. तुमी त ढाब्यावर असता."

 तो उठून गाढविणीला पाणी पाजायला गेला. तेवढंच त्याने केलं, आणि तेही त्या एका दिवशी.

शेवटी रुख्मा स्वतः कमिटीच्या बैठकीत गेली. बायका त्या बैठकीला जात नसत. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली की जनावर गावाचं असेल तर गावाने पाळीपाळीने चारा द्यावा, शेण उचलावं.

"अगदी बरोबर बोलल्या वयनी," लीलाधर म्हणाला. तो गोड बोलण्यात कोणाला ऐकायचा नाही. "पाळी लावू. पन एक सांगू का? तुमच्या घराले जे पुन्य लागून राहिलं ना, ते दुसऱ्याले मागून भेटत नाही."

"मंग अर्धं तुमी घ्या ना भाऊजी."

दोघं-तिघं हसले. पाळी लागली. पहिल्या दिवशी चार घरांतून तणस आलं, दुसऱ्या दिवशी दोन. मग ज्याची पाळी त्याला लग्नाला जायचं असायचं. गाढवीण रुख्माच्या दारात उभी राहून भल्या पहाटे असा काही गळा काढायची की आजूबाजूची लेकरं दचकून उठायची. त्याबद्दल मात्र लोक तक्रार घेऊन थेट रुख्माकडेच यायचे.

फागूबाबाला तिने एका मंगळवारी अडवलं. "बाबा, तुमी तरी सांगा. खरंच मायचं आहे का हे?"

म्हाताऱ्याने गाढविणीकडे पाहिलं, मग दगडांकडे. "माह्या बापाच्या वक्ती इथं वाघ येऊन बसे," तो म्हणाला. "भर दुपारी, या निंबाखाली. बाप म्हने, मायचा आहे. कोनी त्याले हात नाही लावला, कोनी हार नाही घातला. त्याले वाटलं तवा गेला. हे मायचं असन, नसन, मले का माहीत? पन याच्या गऱ्यातला कासरा मायनं नाही बांधला."

"मंग असं कमिटीत सांगा ना."

"सांगतलं. लीलाधर म्हने, बाबा, आता जमाना बदलला."

उन्हाळा कलता कलता रुख्माने ठरवलं की खरा मालक शोधायचा. देवरीच्या पुढच्या भट्ट्यांवर ती दोन हेलपाट्यांत पोचली आणि विचारत विचारत रामलालला गाठलं. छत्तीसगडहून आलेला, हमरस्त्याच्या कडेला झोपडी बांधून राहणारा गाढववाला. त्याने वर्णन ऐकलं आणि लगेच ओळखलं. लंगडी झाली म्हणून मागे सोडली होती, हे त्याने खाली मान घालून कबूल केलं. खूर भरत आला आहे म्हटल्यावर तो खुशीने तिच्यासोबत निघाला. रस्ताभर रुख्माच्या पायांना जोर आला होता. कितीतरी दिवसांनी तिला वाटलं की संध्याकाळी आपलं अंगण आपलं असेल.

रामलालने आवाज दिल्याबरोबर गाढविणीने कान टवकारले आणि त्याच्याकडे चालत गेली. याहून मोठा पुरावा कोणता? पण तोवर गर्दी जमली होती आणि लीलाधर पुढे आला होता.

"मायचं वाहन विटा वाहणार?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "गावावर कोप झाला त कोन जिम्मेदार? हा? का वयनी?"

"जनावर त्याचं आहे!" रुख्मा म्हणाली. "त्याच्या आवाजावर आलं, तुमी बंद्यांनी पाह्यलं!"

"जनावर त्याचं होतं. मायनं बोलावलं तवा मायचं झालं."

रामलालने हारांकडे पाहिलं, हळदीकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. परमुलखात पोट भरणारा माणूस तो. त्याने गाढविणीलाच हात जोडले. "देवी दाई के आय त मोर का हे, दीदी," तो रुख्माला म्हणाला. देवीचं असेल तर माझं काय राहिलं, असं म्हणून तो आला तसा निघून गेला. गाढवीण त्याच्या मागे काही पावलं गेली. लोकांनी तिला कासऱ्याने मागे ओढलं.

त्या संध्याकाळी रुख्मा चुलीपुढे बसली आणि मातामायला मोठ्याने म्हणाली, "तुले त सगळं दिसते ना वं? मंग तू काऊन गप्प आहेस?"

पावसाच्या तोंडावर कमिटीने वाहनासाठी पत्र्याचं छप्पर बांधलं. ते ओट्यापाशी जागा नाही म्हणून रुख्माच्या अंगणात उतरलं. तिला कोणी विचारलं नाही. टिकारामला विचारलं होतं म्हणे, ढाब्यावर फोन करून, आणि तो "हो" म्हणाला होता. छपरावर पाटी लागली. वर मातामायचं नाव, खाली लीलाधरचं. टिकारामशी ती आठवडाभर बोलली नाही, पण आठवडाभर तो घरी नव्हताच.

मग पेरणी झाली. घरामागच्या धानाच्या बांधीत रुख्माने लावणीच्या रोपांचे पऱ्हे टाकले होते. हातभर उंचीचे, हिरवेगार झाले होते. रोवणीला बाया सांगून झाल्या होत्या. त्या दिवशी कोणीतरी दर्शनाला आलेल्याने फोटोसाठी गाढविणीला सोडलं आणि पुन्हा बांधलं नाही. रुख्मा दुसऱ्याच्या बांधीतून परतली तेव्हा मधोमधचे पऱ्हे खाऊन झाले होते आणि उरलेले चिखलात तुडवले गेले होते.

ती ओरडली नाही. काठीही घेतली नाही. चिखलाने भरलेल्या पायांनी आत गेली, कासरा काढला, गाढविणीच्या गळ्यात बांधला आणि तिला घेऊन भर रस्त्याने निघाली. बाया विचारत होत्या, "कुठं वं रुख्मा?" ती थांबत नव्हती. लीलाधरच्या घराचं फाटक उघडंच होतं. फरशी बसवलेलं मोठं अंगण, मधोमध तुळस. रुख्माने तुळशीशेजारच्या खांबाला गाढवीण बांधली.

लीलाधर बनियनवर बाहेर आला. "वयनी, हे का?"

"सकाळी माय म्हने," रुख्मा म्हणाली, "का आता जराक अध्यक्षाच्या घरी नेऊन ठेव म्हने. तिची इच्छा. आपुन कोन नाही म्हननारे?"

फाटकात बाया जमल्या होत्याच. त्यातल्या एकीने लगेच पुढे होऊन गाढविणीच्या कपाळाला कुंकू लावलं. लीलाधर काही बोलायला गेला, पण गर्दीकडे बघून त्यालाही हात जोडावे लागले.

रुख्मा घरी आली आणि दार लावून घेऊन रडली. पऱ्हे काही परत येणार नव्हते. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. एवढं सरळ होतं सगळं, आणि एवढ्या सरळ गोष्टीसाठी खोटं बोलावं लागलं, तेही मायच्या नावाने, याचंच तिला वाईट वाटत होतं.

दिवस गेले. एका सकाळी टीना आली. डोळ्यांखाली काळं झालेलं. ओट्यावर न जाता ती सरळ रुख्माच्या पायरीवर बसली.

"काकू, तिचं पोट फुगलं की तुमी का करत होत्या?"

रुख्माला हसू आलं आणि रागही आला. "फिरवत होती. आता तू फिरवजो."

"मीच फिरवून राहिली जी. शेण मी, पानी मी. पोरगा झोपत नाही तिच्या वरडन्यानं. पाहुने आले की चहा बी मीच." तिने ओट्याकडे पाहिलं. "काकू, तो फोटो मी कायले टाकला असन?"

रुख्माने तिला चहा दिला. रागवायचं ठरवलेलं सगळं चहाबरोबर मागे राहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी लीलाधरने गाव जमवलं आणि सांगितलं की मातामाय स्वप्नात आली होती. तिचं वाहन इथली सेवा पुरी करून चाललं आहे, त्याला त्याच्या मूळ ठिकाणी मानाने पोचतं करावं, असा हुकूम झाला आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हातारेकोतारे गहिवरले. टीनाने रुख्माच्या कानाशी येऊन सांगितलं, "सासऱ्याले सपन नाही पडलं जी. सासूनं पाडलं. म्हने घरात एक त ते राहीन नाही त मी."

रुख्मा ऐकत उभी राहिली. चैत्रापासून ती हेच सांगत होती. दारात उभी राहून, बैठकीत जाऊन, खऱ्या मालकाला समोर आणून सांगितलं होतं. तेव्हा कोप होणार होता. आता एका माणसाची एक झोप झाली आणि सगळ्यांना पटलं. तिला वाटलं, मोठ्याने काहीतरी बोलावं. पण बोललं असतं तर गाढवीण राहिली असती.

निरोपाच्या दिवशी डफ वाजला, हार घातले, फोटो निघाले. वेशीपर्यंत सगळे आले. वेशीवर प्रश्न पडला की पुढे कोण नेणार. पाऊस भुरभुरत होता. सगळे रुख्माकडे पाहू लागले.

"मी नाही," ती म्हणाली.

कोणी पुढे झालं नाही. शेवटी लीलाधरच्या गड्याने कासरा हिसका देऊन ओढला, तशी गाढवीण बऱ्या झालेल्या पायावर अडखळली. रुख्माने त्याच्या हातातून कासरा घेतला आणि चालू लागली.

रामलालने झोपडीतून बाहेर येऊन खूर उचलून पाहिला. "बने हो गे हे," खूर बरा झालेला पाहून तो म्हणाला.

"दसऱ्यापर्यंत तिच्यावर वझं घालू नको. आइकलं?"

त्याने मान हलवली. ती ओझं घालणार नाही म्हणणाऱ्याची मान नव्हती, हे रुख्माला दिसलं. पण तिला सोडून तसंच निघवत नव्हतं, म्हणून तिने गाढविणीच्या गळ्यातले हार तेवढे काढून घेतले, नाल्यात टाकले आणि बसच्या थांब्याकडे निघाली.

गावात उतरल्यावर ओट्यावरच्या बायांनी घेरलं. "पोचलं का वाहन? वाटेत काही चमत्कार झाला का वं?"

"झाला," रुख्मा म्हणाली. "बंदे लोक वेशीपाशीच गायब झाले."

पत्र्याच्या छपराखाली तिने दुसऱ्याच दिवशी सरपण रचलं. लीलाधर बघायला आला. पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "वयनी, माह्यं नाव आहे तिथं."

"असू द्या. लाकडं वाचत नाहीत."

त्याने टिकारामला फोन लावला. टिकाराम म्हणाला, तिलेच ईचारा. एवढं बोलायला त्याला इतकी वर्षं लागली, पण बोलला.

रुख्माची रोवणी उशिरा झाली, लोकांकडे उरलेले पऱ्हे मागून मागून. शेजारच्या बांध्यांतलं धान पोटरीत आलं तेव्हा तिचं अजून गुडघ्याच्या वर आलेलं नव्हतं. निंदणाला आलेल्या बाईने बांधावर उभं राहून पाहिलं आणि विचारलं, "का वं, औंदा तुमचंच धान काऊन असं मागं पडलं?"

रुख्माने एकदा तिच्याकडे पाहिलं. सांगायला बसली असती तर दुपार झाली असती. ती वाकली आणि पुढचं तण उपटलं.